पाच गुंठ्यांचे भात आणि घरचा तांदूळ

प्रश्न थोडक्यात असा: दक्षिण रत्नागिरीत घरामागे पाच गुंठे खाचर आहे, बरीच वर्षे पडीक. घरात चार माणसे. भात लावून, घरीच तांदूळ करून वर्षभर खाता येईल का, किती बियाणे लागेल, उकडा (भात उकडून केलेला तांदूळ) कसा करायचा, आणि घरघंटीत भात भरडून निघेल का?

शेवटचे आधी सांगतो. घरघंटीत भात भरडून निघत नाही. ती पीठ करायची चक्की आहे. भात घातले तर तूस, कोंडा आणि दाणा यांचा एकत्र भरडा बाहेर पडतो आणि जाळी तुंबते. तिचा उपयोग नंतर, घावनाचे आणि भाकरीचे पीठ करायला.

वर्षभराचे गणित पाच गुंठ्यांत बसत नाही. सुधारित जात, वेळेवर लावणी आणि नीट खत असेल तर गुंठ्याला ३५ ते ४० किलो भात येते. पडीक जमिनीत पहिल्या वर्षी २५ किलोच धरा. म्हणजे पाच गुंठ्यांत १२५ ते २०० किलो भात. गिरणीतून शंभराला ६२ ते ६५ किलो तांदूळ येतो, त्यात कणीही आली. हातात ८० ते १३० किलो. दोन्ही वेळा भात खाणाऱ्या चार माणसांच्या घरात रोजचा एक किलो लागतो, म्हणजे पीक चांगले आले तरी चार महिन्यांची सोय. वर्षभरासाठी पंधरा गुंठे लागतील. तरी पाच गुंठ्यांत करण्यासारखे खूप आहे, कारण उकडा किंवा लाल तांदूळ मनासारखा विकत मिळणे कठीण.

एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. कोकणात घरच्या भाताचे नुकसान शेतात जितके होते त्याहून जास्त कापणी ते गिरण या टप्प्यात होते. लावणी, खत, बेणणी (तण काढणे) शेजारी बघून शिकता येते. दाण्यातला ओलावा मात्र डोळ्यांना दिसत नाही, आणि तांदूळ अख्खा निघणार की कणी होणार, टिकणार की बुरसणार, हे सगळे त्यावरच ठरते. म्हणून खाली लागवड आटोपशीर आणि पुढचे सविस्तर लिहितो.

जात निवडताना उत्पादन बघण्याआधी कापणीची तारीख मोजा. मृगात, ७-८ जूनच्या सुमारास पेरलेले हळवे भात ११० ते ११५ दिवसांत, म्हणजे सप्टेंबरच्या शेवटी तयार होते. तेव्हा पाऊस गेलेला नसतो. निमगरवे १२० ते १३० दिवसांचे, ते ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येते. गरवे १३५ दिवसांच्या पुढचे, ते ऑक्टोबर अखेरीस, उघडीप पक्की झाल्यावर. परतीचा पाऊस साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात कोकण सोडतो. म्हणून खाचरात ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ओल राहत असेल तर निमगरवी किंवा गरवी जात घ्या. कड्याकपारीची भरड जमीन असेल आणि पाऊस थांबताच आठ दिवसांत भेगा पडत असतील तरच हळवी. उशिराच्या जातीला दाणा भरताना पाणी मिळाले नाही तर पळिंजच पळिंज, म्हणजे पोकळ दाणे, हाती येते.

नावे सांगायची तर हळव्यांत कर्जत-३ आणि रत्नागिरी-१, मधल्यांत जया, गरव्यांत रत्नागिरी-२, रत्नागिरी-३ आणि सुवर्णा. उकड्यासाठी जाड दाणा बरा, त्यामुळे जया किंवा रत्नागिरी-३ चालते. पेजेसाठी लाल तांदूळच हवा असेल तर सिंधुदुर्गातला वालय किंवा दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची लाल दाण्याची रत्नागिरी-७ बघा. वालय उंच वाढतो, खत जास्त झाले की लोळतो, आणि लोळलेल्या कणसावर दोन दिवस पाऊस पडला की दाणे जागीच रुजतात. त्याला युरिया हात आखडता घेऊनच. संकरित बियाणे घरच्या शेतीला घेऊ नका. त्याचे बी पुढच्या वर्षी ठेवता येत नाही.

पाच गुंठ्यांना अडीच किलो बियाणे पुरते. दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवा, त्यात बी ओता, ढवळा, वर तरंगेल ते काढून कोंबड्यांना घाला. तळाचे बी दोन-तीन वेळा साध्या पाण्याने धुवा (मीठ राहिले तर उगवण मार खाते) आणि सावलीत सुकवा. पेरणीआधी किलोला अडीच ते तीन ग्रॅम थायरम (बुरशीनाशक) चोळा.

दाढीला, म्हणजे तुमच्याकडच्या तरव्याला (रोपे तयार करायच्या जागेला), लावणीच्या क्षेत्राच्या दहावा भाग लागतो, म्हणजे अर्धा गुंठा. राब भाजण्याने तण मरते आणि राखेतला पालाश मिळतो हे खरे, पण त्यासाठी शेण, पाला आणि कवळ (झाडांच्या तोडलेल्या फांद्या) जाळावे लागते आणि तेच शेण शेतात जास्त कामाचे. त्यापेक्षा मीटर-सव्वा मीटर रुंद, वीतभरापेक्षा थोडे कमी उंच गादीवाफे करा, मध्ये पाणी जायला चर ठेवा. वाफ्याच्या वरच्या थरात भाताच्या तुसाची काळी राख मिसळा, चौरस मीटरला अर्धा ते एक किलो. राखेतल्या सिलिकाने रोप ताठ होते आणि करपा व खोडकिडा कमी लागतो. बी दाट फेकू नका. अडीच किलो बी पाव गुंठ्यात टाकले की रोपे दोऱ्यासारखी बारीक होतात आणि लावणीनंतर आठ दिवस पिवळी पडून राहतात. पंधराव्या दिवशी पाने फिकी वाटली तर अर्धा किलो युरिया पुरे.

पडीक खाचरात पहिले काम बांधाचे. खेकड्यांची बिळे मातीने नुसती बुजवून भागत नाही. बांध आतल्या बाजूने तासून त्यावर चिखलाचा नवा लेप चोपावा लागतो, नाहीतर रात्रीत पाणी खालच्या मळ्यात आणि त्याबरोबर तुमचे खतही. गिरिपुष्पाचे कुंपण असेल तर चिखलणीआधी निदान आठवडाभर त्याच्या फांद्या शेतात पसरा, गुंठ्याला ३० किलो पाला पडेल इतक्या, पाच गुंठ्यांना दीडशे किलो. पाने गळून पडली की काठ्या उचला आणि पाला चिखलात गाडा.

रोपे २१ ते २५ दिवसांची असताना लावा, गरव्याची २५ ते ३० दिवसांची चालतात. उपटताना दाढीत पाणी भरपूर ठेवा. शेंडे खुडून टाका, खोडकिड्याची अंडी तिथेच असतात. एका चुडात दोन-तीन रोपे, दोन-चार सेंटिमीटर खोल, त्याहून खोल नाही. खोल लावलेला चूड फुटवे उशिरा टाकतो आणि ते फुटवे एका वेळी पिकत नाहीत. कापणीवेळी निम्मे दाणे हिरवे का, याचे उत्तर बरेचदा लावणीच्या खोलीत असते.

खतासाठी लहान शेतकऱ्याला युरिया-डीएपी ब्रिकेट (दाबून केलेली खताची गोळी) सोयीची. सुधारित दोरीवर १५ आणि २५ सेंटिमीटर अशा आलटून-पालटून खुणा करून लावणी करा, म्हणजे चार चुडांचा एक चौकोन आणि मग मोकळी पट्टी असे होते. प्रत्येक चौकोनाच्या मध्यभागी एक ब्रिकेट, २.७ ग्रॅमची, सात ते दहा सेंटिमीटर खोल, लावणीच्याच दिवशी. पाच गुंठ्यांत असे सुमारे ३,१२५ चौकोन बसतात, म्हणजे साडेआठ किलो ब्रिकेट. कोकणात दोन-तीनशे मिलिमीटर पाऊस एका आठवड्यात पडतो, वर फेकलेला युरिया त्याच्यासोबत खाडीला जातो. गाडलेली ब्रिकेट जागेवर राहते. ब्रिकेट मिळाली नाही तर पाच गुंठ्यांना एकूण युरिया ११ किलो, सिंगल सुपर फॉस्फेट १५ ते १६ किलो आणि म्युरेट ऑफ पोटॅश ४ किलो असा हिशेब. सुपर फॉस्फेट आणि पोटॅश लावणीला, युरिया मात्र तीन हप्त्यांत: लावणीला साडेचार किलो, महिन्याने साडेचार, पोटरीत येताना (कणीस बाहेर पडण्याआधी) दोन. वालयसारख्या उंच जातीला यातला निम्माच युरिया. युरिया टाकताना शेतातले पाणी उतरवा आणि दुसऱ्या दिवशी परत भरा.

पहिली बेणणी तीन आठवड्यांनी, दुसरी साधारण सहाव्या आठवड्यात. कीड येईल. सुरळीतल्या अळीने पानांच्या नळ्या करून पाण्यावर तरंगत ठेवल्या तर पिकावरून दोरी ओढून सुरळ्या पाण्यात पाडा आणि ते पाणी बाहेर काढा. फवारणीची गरज बहुतेक वेळा पडत नाही. कणीस बाहेर आले आणि पांढरेफटक, ओढले की सहज हातात येते, तर तो खोडकिडा. त्या वेळी औषध मारून उपयोग नसतो. बांधावरचे तण काढलेले असेल तर निळ्या भुंगेऱ्यांना आसरा कमी. बेडूक मारू देऊ नका.

आता कापणी.

फुलोऱ्यानंतर साधारण महिन्याने, कणसातले ८० ते ९० टक्के दाणे पिवळे झाले आणि बुडाकडचे थोडेच हिरवट राहिले की कापा. त्याआधी आठ-दहा दिवस पाणी काढून टाका. पूर्ण पिवळे होण्याची वाट बघू नका. वाळलेल्या दाण्यावर रात्री दव, दुपारी ऊन असे चार-पाच दिवस झाले की दाण्याच्या आत आडव्या चिरा पडतात. बाहेरून काही दिसत नाही. तूस काढून दाणा उजेडाकडे धरा, चिरलेल्या दाण्यात काचेला तडा गेल्यासारखी रेघ दिसते. असा प्रत्येक दाणा गिरणीत दोन तुकडे होऊन पडतो. “गिरणवाल्याने कणी केली” ही तक्रार निम्म्या वेळा शेतातच तयार झालेली असते.

दातेरी वैभव विळ्याने जमिनीलगत कापा. वर सड राहिली तर खोडकिड्याची अळी त्यात राहते. कापलेले भात कडप्यांनी एक दिवस ऊन खाऊ द्या, दोन दिवस नको. दाण्यात कापणीवेळी २० ते २२ टक्के ओलावा असतो. हे भात ओले असतानाच बांधून उडवी (पेंढ्यांची गंजी) रचली की ती आतून तापते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उडवीत हात घातला तर चटका लागण्याइतकी गरम लागते. असा तांदूळ पिवळट होतो, शिजवताना कुबट वास येतो आणि तो वास धुऊन जात नाही. त्यामुळे एकतर लगेच झोडा, नाहीतर पेंढ्या उभ्या, कणसे वर, हवा खेळेल अशा लावा.

पाऊस आला तर? हाच खरा प्रश्न आणि त्याला सोपे उत्तर नाही. भिजलेले भात झोडून लगेच पडवीत किंवा ओटीवर दोन बोटे जाडीने पसरा, पंखा लावा, दर तासाला दाताळ्याने फिरवा. पोत्यात भरलेले ओले भात एका रात्रीत तापते, पसरलेले दोन-तीन दिवस तग धरते. चुलीवरच्या माळ्यावर जागा असेल तर उत्तम. पण भिजलेल्या भाताचा सर्वांत चांगला उपयोग म्हणजे त्याचा उकडा करणे. त्याचे कारण पुढे येईल.

पाच गुंठ्यांचे भात लाकडी बाकावर किंवा फळीवर झोडून एका दिवसात होते. रस्त्यावर पसरून त्यावरून गाडी फिरवण्याची पद्धत पडली आहे, ती टाळा. डांबर आणि खडी भातात येते आणि दाणा चिरतो. वारा देताना टोपली खांद्याच्या उंचीवर धरून बारीक धार सोडा. वारा नसेल तर टेबलफॅन. पळिंज आणि काडी उडून जाते, जड दाणा जवळ पडतो. मधल्या राशीत अर्धवट भरलेले दाणे असतात, ते वेगळे ठेवा. गिरणीत ते चुरा होतात आणि चांगल्या तांदळात मिसळतात.

वाळवण सगळ्यांत महत्त्वाचे. गिरणीला दाण्यात १४ टक्क्यांच्या आसपास ओलावा हवा. साठवायला १३, बियाण्याला १२. पंधराच्या वर असेल तर दाणा गिरणीत दबून पिठूळ होतो, बाराच्या खाली गेला तर ठिसूळ होऊन फुटतो. भात तीन ते पाच सेंटिमीटर जाडीने पसरा. त्याहून पातळ पसरले की कडक उन्हात वरचा थर करपतो. पहिल्या दिवशी अर्ध्या-पाऊण तासाने फिरवत राहा. ताडपत्रीवर वाळवत असाल तर मधून मधून भात एका बाजूला ओढून ताडपत्री पुसा, खालून घाम धरतो. शेणाने सारवलेले खळे किंवा जुन्या चटया त्यापेक्षा बऱ्या, फक्त खडे येणार नाहीत एवढे बघा. संध्याकाळी रास करून झाका. दवात राहिलेले भात म्हणजे पुन्हा चिरा. दोन-तीन चांगल्या उन्हांत काम होते. ऑक्टोबरचे ऊन कडक असते तेव्हा दुपारी बारा ते तीन भात राशीत झाकून ठेवणे शहाणपणाचे.

ओलावा मोजायचे यंत्र नसले तरी दोन चाचण्या पुरतात. दाताखाली दाणा धरून चावा. कट्ट आवाज करून दोन तुकडे झाले तर गिरणीजोगा, दबला तर ओला, भुगा झाला तर जास्त वाळला. दुसरी चाचणी: कोरड्या काचेच्या बरणीत पाव भाग भात, त्यात चमचाभर तव्यावर भाजून कोरडे केलेले बारीक मीठ, झाकण लावून पाच मिनिटे हलवा. मीठ काचेला किंवा दाण्यांना चिकटले तर ओलावा पंधराच्या वर आहे.

वाळलेले भात उन्हातून थेट गिरणीत नेऊ नका. रात्रभर सावलीत राहू दे, दाण्याची ऊब उतरू दे आणि आतबाहेरचा ओलावा सारखा होऊ दे. या एका रात्रीने कणी डोळ्यांना दिसेल इतकी कमी होते.

उकडा करायचा तर एका वेळी दहा किलो भात घ्या आणि २५ ते ३० लिटरचे तपेले. भात पाण्यात ओतून तरंगणारे पळिंज काढा, दोनदा धुवा. पाणी उकळून भातावर ओता, दाण्यावर चार बोटे पाणी राहील इतके, आणि झाकून रात्रभर ठेवा. भात मुरल्यावर दाणा साधारण तीस टक्के ओलावा धरतो, तेवढा पुरे. थंड पाण्यात दोन-तीन दिवस भिजवणारे आहेत. ते पाणी रोज बदलले नाही तर आंबते आणि तो आंबूस वास पेजेत उतरतो. गरम पाण्यात एका रात्रीत काम होते.

सकाळी ते तपकिरी पाणी ओतून द्या. तपेल्याच्या तळाशी तीन बोटे नवे पाणी घाला, भात परत भरा, वर ओले गोणपाट दाबून बसवा आणि मध्यम जाळावर ठेवा. वरून सर्वत्र सारखी वाफ यायला लागली की तिथून पंधरा ते वीस मिनिटे. मध्ये एकदा उलथण्याने तळचे वर, वरचे खाली करा, तळचा दाणा आधी शिजतो. उतरवायची वेळ दाण्यावरून ठरवा. तुसाचे तोंड थोडेसे फुटलेले, आतला दाणा काचेसारखा, आणि तूस सोलून नखाने कापला तर मध्ये पांढरा ठिपका नाही. ठिपका उरला असेल तर तेवढा भाग कच्चा, तो गिरणीत तुटतो. तुसातून पांढरा भात बाहेर डोकावला तर जास्त झाले, असे दाणे वाळल्यावर चपटे होतात आणि गिरणीची जाळी भरतात.

उकड्याचा फायदा इथे आहे. वाफेने दाण्यातले पिष्ट फुगते आणि शेतात किंवा वाळवणात पडलेल्या चिरा भरून येतात. म्हणून पावसात सापडलेले, चिरलेले भात कच्चे भरडले तर कणी होईल, तेच उकडले तर बऱ्यापैकी अख्खे निघेल. फक्त बुरशी धरलेले किंवा राशीत तापून वास मारणारे भात उकडून सुधारत नाही. दुसरा फायदा म्हणजे कोंड्यातली काही ब जीवनसत्त्वे दाण्याच्या आत उतरतात, त्यामुळे गिरणीत पॉलिश झाल्यावरही बऱ्यापैकी उरतात.

उकड्याचे वाळवण दोन टप्प्यांत. पहिल्या दिवशी पसरून वरून कोरडे लागेल, पण दाणा चावल्यावर आतून लवचिक असेल इतकेच. मग सावलीत रास करून गोणपाटाखाली रात्रभर. दुसऱ्या दिवशी सकाळच्या किंवा उतरत्या उन्हात १४ टक्क्यांपर्यंत. सगळे एका दमात कडक उन्हात वाळवले तर इतकी मेहनत करून पुन्हा चिरा पाडल्यासारखे होते. ढगाळ दिवस असेल तर उकडायलाच घेऊ नका. ओला उकडा एका दिवसात बुळबुळीत होतो.

गिरणीचे दोन प्रकार आहेत. गावात अजून दिसतो तो हलर: आत लोखंडी रूळ, खाली जाळी, बाजूला पाते. पाते रुळाच्या जवळ घेतले की दाब वाढतो, तांदूळ पांढरा होतो आणि कणीही वाढते. लांब ठेवले की तांदळात भात राहते. कच्चे भात भरडायला सांगताना “हलका दाब, दोन फेरे” असे सांगा. पहिल्या फेऱ्यात तूस, दुसऱ्यात थोडा कोंडा. उकड्याला एका फेऱ्यात जास्त दाब दिला तरी तो सहन करतो. दुसरा प्रकार रबरी रुळांचा. दोन रूळ वेगवेगळ्या वेगाने फिरतात आणि दाणा न रगडता तूस सोलतात. यात कणी कमी, आणि तूस वेगळे, कोंडा वेगळा मिळतो. हलरमध्ये दोन्ही मिसळलेले येतात. असा मिश्र कोंडा गुरांना फारसा मानवत नाही. जिथे रबरी रूळ असेल तिथे दहा किलोमीटर लांब जावे लागले तरी जा.

किती निघाले पाहिजे? स्वच्छ वाळलेल्या १०० किलो भातातून सुमारे २० किलो तूस जाते. तूसच काढले आणि पॉलिश नाही केले तर ७८ ते ८० किलो तांदूळ. पॉलिश केल्यावर रबरी रुळावर ६८ च्या आसपास, हलरवर ६२ ते ६५. याहून बरेच कमी निघाले तर आधी भातातले पळिंज बघा, मग वाळवण, आणि शेवटी गिरणवाल्याला विचारा.

हलरच्या पोटात आधीच्या गिऱ्हाइकाचे दोन-तीन किलो धान्य असते. लाल तांदूळ भरडायचा असेल तर पहिला थोडा भाग वेगळा धरा, नाहीतर पांढऱ्यात मिसळतो. बाहेर पडणारा तांदूळ गरम असतो, तो तसाच डब्यात भरू नका. घरी आणून चटईवर दोन तास पसरा. गरम भरला तर झाकणाच्या आत घाम धरतो आणि आठ दिवसांत गुठळ्या.

स्वतःची छोटी गिरणी घ्यावी का? घरगुती विजेवर चालणाऱ्या दोन-तीन अश्वशक्तीच्या येतात. तीन अश्वशक्तीच्या मोटारीला पंधरा अँपिअरच्या आसपास लागतात आणि सुरू होताना त्याहून बरेच जास्त, म्हणजे वेगळी जाड तार आणि वेगळा एमसीबी हवाच. गावात संध्याकाळी विजेचा दाब कमी असतो तेव्हा चालवली तर मोटार तापते, म्हणून सकाळीच चालवा. पण वर्षाला २०० किलो भातासाठी ती घेणे मला पटत नाही. चार-पाच घरे मिळून घेतली तर ठीक. पूर्वीचे घिरट (भात भरडायचे जाते) घरात पडून असेल तर त्याच्यावर भात भरडले जाते. वायनात (उखळात) मुसळाने कांडणे दोन-तीन किलोंच्या हातसडीला योग्य, त्याहून जास्तीला खांदे लागतात. मिक्सरमध्ये भात फिरवण्याचे प्रयोग सुचवले जातात, त्यातून तूस निम्मे निघते आणि कणी पूर्ण होते.

आता साठवण. भात तुसासकट ठेवा, तांदूळ लागेल तसा भरडा. तुसामुळे सोंडे (धान्यातले किडे) कमी लागतात. पॉलिश न केलेला तांदूळ महिना-दोन महिन्यांपेक्षा जास्त ठेवू नका. कोंड्यातले तेल खवट होते. कोंडा तर आठवड्यात वास मारतो, आणलेल्या दिवशीच गुरांना किंवा कोंबड्यांना घाला. नवा तांदूळ चिकट होतो, तीन-चार महिने मुरल्यावर मोकळा शिजतो. म्हणून दिवाळीत भरडून खाल्ला आणि “घरचा तांदूळ गिचका होतो” असे वाटले तर घाबरू नका. उकड्याला ही अडचण नाही.

पावसाळ्याची बेगमी मात्र मे महिन्यातच भरडून घ्या. जुलै-ऑगस्टच्या हवेत कणगीतले (बांबूच्या कोठीतले) भात पुन्हा ओलावा ओढते. त्या दिवसांत भरडले तर दाणा दबतो आणि हलरची जाळी सारखी तुंबते. जून ते सप्टेंबरला लागणारा तांदूळ मेच्या अखेरीस भरडून, एक ऊन देऊन, थंड करून, घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या किंवा प्लास्टिकच्या पिंपात काठोकाठ भरा. रिकामी जागा कमी तेवढी हवा कमी, आणि हवा कमी तिथे सोंडे वाढत नाहीत. पिंप फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब. ओलावा तेराच्या वर असेल तर हवाबंद पिंप फायद्याचे नाही, आत बुरशी धरते. अशा वेळी कणगीच बरी.

बियाण्याचे तीन किलो कापणीआधीच शेताच्या मध्यभागातून निवडा, बांधालगतचे नको. वेगळ्या उंचीची, वेगळ्या रंगाची कणसे काढून टाका. वेगळे झोडा, वेगळे वाळवा, कट्ट आवाज येईपर्यंत. मेमध्ये शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून पाच दिवस ठेवा. ऐंशीच्या वर रुजले तर अडीच किलो पुरेल, साठ-सत्तर रुजले तर साडेतीन किलो पेरा, त्याहून कमी तर बी बदला.

खाचराला लागून उतारावर वरकस (हलक्या जमिनीचा) पट्टा असेल तर तिथे नाचणी टाका. पाच गुंठ्यांना पाव किलो बी, रोपे महिन्याच्या आत लावायची, उत्पादन ७५ किलोच्या पुढे जाते. नाचणीला गिरणी लागत नाही. कणसे खुडून वाळवून बडवली, पाखडली की थेट घरघंटीत. भरडण्याची कटकट नको असलेल्या घराने खरे तर इथूनच सुरुवात करावी. वरीचे तसे नाही, तिचे तूस भातापेक्षाही चिवट.

भात कापल्यावर खाचरात ओल असतानाच कुळीथ किंवा चवळी टाका. हलकी नांगरट आणि एवढीशी मूठ, पाणी द्यावे लागत नाही.